फ्रीलान्स वेब प्रोजेक्टचे तास दर वेळी कमी पडतात? डबल करायच्या आधी हे तपासा

प्रॉब्लेम सगळ्यांच्या ओळखीचा आहे. क्लायंट विचारतो किती तास लागतील, आपण मनात स्क्रीन मोजतो, ४० सांगतो, आणि काम संपेपर्यंत ८०-९० होतात. पुढच्या वेळी अंगावर येऊ नये म्हणून ६० सांगावेत तर ते १२० वर जातं. पैसे ठरलेल्या तासांचेच मिळतात, वरचं सगळं रात्री जागून फुकट, आणि एवढं करून क्लायंटही खूश नाही कारण तारीख चुकलेली असते.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, "जो आकडा येईल तो डबल कर". मला हा सल्ला पटत नाही. ज्या कामात तुमचा अंदाज बरोबरच होता, म्हणजे समजा ५ पानांची साधी माहितीची साइट, तिथे डबल केल्यावर तुम्ही उगाच महाग होता आणि काम दुसऱ्याकडे जातं, आणि जिथे तिप्पट लागणार होते तिथे डबल करूनही तोटाच. म्हणजे सोपी कामं सुटतात आणि नेमकी अवघड कामं तेवढी गळ्यात पडतात. अंदाज कुठल्या जागी फुटतोय ते कळल्याशिवाय कशानेही गुणून उपयोग नाही. आणि माझं ठाम मत आहे की थोडा अनुभव असलेल्या माणसाचा कोड लिहायचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर असतो, फुटतं ते कोडच्या आजूबाजूचं काम, जे आपण काम म्हणून मोजतच नाही.

आधी निदान करा

मागचे दोन-तीन प्रोजेक्ट काढा. टाइम ट्रॅक केला असेल तर उत्तमच, नसेल तरी बरंच काही परत उभं करता येतं. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, त्याच्या लॉगमध्ये प्रत्येक कमिटची, म्हणजे नोंदीची, तारीख-वेळ असते, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपला वेळ असते, कॉल लॉग असतो, होस्टिंगवाल्याला टाकलेली सपोर्ट तिकिटं असतात. एक शीट उघडा आणि तास साधारण या गटांत टाका: कोड, क्लायंटशी बोलणं, कंटेंट गोळा करणं आणि भरणं, सर्व्हर-डोमेन-ईमेल सेटअप, टेस्टिंग आणि दुरुस्त्या, बदल, लाइव्ह झाल्यानंतरचं काम. अगदी नेमका आकडा नको, अर्ध्या तासाच्या हिशोबाने पुरे.

आता शेजारच्या कॉलममध्ये तुम्ही कोटेशनमध्ये कशाला किती धरले होते ते लिहा. बहुतेक वेळा दिसतं काय तर कोडच्या ओळीत थोडाच फरक आणि बाकीच्या अर्ध्या ओळींत तुमचा अंदाज शून्य. चूक आकड्याची नाहीच, ती ओळच कोटेशनमध्ये नव्हती. आणि शून्याला दोनने गुणलं तरी शून्यच.

इथून पुढे तुमचा आजार कुठला त्याप्रमाणे वाचा.

"अमुक जोडायचं आहे" असं एका ओळीत लिहिलेलं असेल तर

रत्नागिरीकडचा एक हापूसवाला धरू. त्याला ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्यात, सीझन मार्च ते मे, म्हणजे साइट फेब्रुवारीत तयार हवी, एप्रिलमध्ये मिळाली तर निम्मा सीझन गेला. कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं, "पेमेंट गेटवे जोडणे, ४ तास". ते ४ तास टेस्ट मोडमध्ये एक यशस्वी पेमेंट होईपर्यंतचे असतात. त्यापुढचं बघा. रक्कम रेझरपेसारख्या गेटवेला पैशात पाठवायची असते, ५०० रुपये म्हणजे ५००००, हे छोटं आहे पण सवलत आणि डिलिव्हरी चार्ज मिळवताना पॉइंटनंतरचे आकडे येतात आणि तिथे तपासावं लागतं. ग्राहकाने यूपीआय अ‍ॅपमध्ये पैसे भरले आणि आपल्या पानावर परत यायच्या आधी ब्राउजर बंद केला तर ऑर्डर पेड झाली हे वेबहूकवरून, म्हणजे गेटवेने आपल्या सर्व्हरला स्वतःहून पाठवलेल्या संदेशावरून कळतं, म्हणजे वेबहूक लिहायचा, तो खरंच गेटवेकडूनच आलाय हे त्याच्या डिजिटल सहीवरून तपासायचं, तोच वेबहूक दोनदा आला तर ऑर्डर दोनदा नोंदली जाऊ नये हे बघायचं. मग फेल झालेलं पेमेंट, रिफंड, आणि दिवसाच्या शेवटी क्लायंटला बँकेत आलेली रक्कम ऑर्डरशी कशी जुळवायची ते दाखवणं, कारण गेटवे आपली फी कापून पैसे देतो आणि क्लायंटचा पहिला फोन यावरच येतो. हे सगळं धरून १४-१५ तास सहज होतात, आणि यातलं काहीही जादा किंवा चैनीचं नाहीये.

शिवाय केवायसी. क्लायंटचं पॅन, बँक खातं, साइटवर रिफंड पॉलिसी, प्रायव्हसी पॉलिसी, संपर्काचं पान, हे असल्याशिवाय खातं लाइव्ह होत नाही. यात तुमचे तास कमी जातात पण दिवस जातात.

ओटीपीचं तर विचारूच नका. "मोबाईल ओटीपी लॉगिन, ३ तास" असं लिहिणाऱ्याने भारतात एसएमएस कसा जातो हे एकदा बघून घ्यावं. टेलिकॉम नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनंतर कंपन्यांचा एसएमएस डीएलटी या व्यवस्थेतल्या नोंदणीशिवाय जात नाही, आधी क्लायंटच्या व्यवसायाची टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलवर नोंदणी, मग हेडर (पाठवणाऱ्याचं छोटं नाव) मंजूर, मग मेसेजचा मजकूर टेम्पलेट म्हणून मंजूर, आणि पाठवलेला मजकूर त्या टेम्पलेटशी जुळला नाही तर मेसेज पोचतच नाही. शेवटच्या आठवड्यात क्लायंट म्हणाला "मेसेजमध्ये आमच्या बागेचं नाव पण टाका" की परत मंजुरी. एपीआय कॉल, म्हणजे कोडमधून मेसेज पाठवायची आज्ञा, लिहायला खरंच अर्धा तास लागतो, कोडचा अंदाज चुकलेला नाही.

उपाय: "जोडणे" हा शब्द असलेली प्रत्येक ओळ फोडा. आधी सगळं नीट झालं तर काय, मग अर्धवट झालं तर काय, मग परत फिरवायचं असेल तर काय, मग खातं-मंजुरी कोण काढणार. फोडलेला एक तुकडा ४ तासांपेक्षा मोठा वाटला तर त्यात अजून काहीतरी लपलंय असं समजून परत फोडा. आणि मंजुऱ्यांची कामं पहिल्याच दिवशी सुरू करा, कोड तयार झाल्यावर नाही.

मराठी साइट असेल तर

यावर कोणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मराठी कंटेंटच्या साइटला इंग्रजी साइटएवढेच तास धरणं हे आपल्याकडे अंदाज चुकायचं मोठं कारण आहे.

पहिलं, क्लायंट म्हणतो "सगळा मजकूर तयार आहे", आणि येते ती श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली फाइल, किंवा पेजमेकरमध्ये केलेल्या अंकाची पीडीएफ. ब्राउजरमध्ये पेस्ट केली की इंग्रजी अक्षरांचा कचरा. युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, ते बरंचसं काम करतातही, पण रफार, र्‍हस्व वेलांटी, जोडाक्षरं इथे घाण राहते आणि माणसाने वाचूनच काढावी लागते. म्हणून होकार द्यायच्या आधी एक नमुना फाइल मागा, त्यातलं एक पान बदलून-तपासून बघा, घड्याळ लावा, आणि पानांच्या संख्येने गुणा. गुणाकार वापरायची ही योग्य जागा, कारण इथे आकडा मोजलेला आहे.

दुसरं, पीडीएफ. पावती, सर्टिफिकेट, बिल मराठीत हवं असतं. डॉमपीडीएफ ही पीडीएफ बनवणारी लायब्ररी वापरून इंग्रजी पावती तासाभरात होते, त्याच पावतीत देवनागरी टाकली की वेलांटी अक्षराच्या मागे आणि जोडाक्षरं तुटलेली, कारण अक्षरं एकमेकांत जुळवायचं काम ती लायब्ररी करत नाही. एमपीडीएफ या दुसऱ्या लायब्ररीत ओटीएल (अक्षरं जुळवायची सोय) चालू करून योग्य फॉन्ट दिला तर जमतं, किंवा सर्व्हरवर हेडलेस क्रोम, म्हणजे खिडकी न उघडता चालणारा ब्राउजर, चालवायचं, पण ते साध्या शेअर्ड होस्टिंगवर चालेलच असं नाही, म्हणजे होस्टिंग बदलायचा विषय आला. ही माहिती पहिल्यांदा शोधताना अख्खा दिवस जाऊ शकतो.

तिसरं, सर्च आणि फॉर्म. "पुऱ्या" हा शब्द कोणी ऱ वापरून टाइप करतो, कोणी साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडकॅरेक्टर वापरून, स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात आणि डेटाबेसला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे प्रॉडक्ट असून "सापडलं नाही" येतं. फोनच्या मराठी कीबोर्डवरून लोक मोबाईल नंबर ९८ असा देवनागरीत टाकतात, जावास्क्रिप्टचा नंबर तपासणारा कोड तो नाकारतो, आणि ग्राहकाला कळत नाही नंबर बरोबर असून एरर का. दुरुस्त्या छोट्या आहेत, पण सापडतात त्या लाइव्ह झाल्यावर, म्हणजे तुमच्या फुकटच्या तासांत. मराठी साइटच्या कोटेशनमध्ये या कामाची वेगळी ओळ ठेवा, क्लायंटला समजावून सांगितलं तर तो मान्य करतो, कारण तुटलेली जोडाक्षरं त्यालाही नको असतात.

दुसऱ्याची जुनी साइट आणि "छोटासा बदल"

न बघता तास सांगायचेच नाहीत. बऱ्याच साइट पीएचपी या भाषेत असतात, तिच्या ७.४ व्हर्जनचा अधिकृत सपोर्ट २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला तरी त्यावरच्या साइट चालू आहेत, होस्टिंगवाला एक दिवस व्हर्जन वर नेतो आणि आधी नुसती वॉर्निंग देणारा कोड पीएचपी ८ मध्ये थेट एरर देऊन थांबतो. याहून जुन्या साइट निघतात, ज्यांत मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारी ती जुनी फंक्शन्स आहेत जी पीएचपी ७ मधूनच काढून टाकली होती. थीम कोणीतरी हाताने बदललेली असते म्हणून अपडेट करता येत नाही, पासवर्ड आधीच्या डेव्हलपरकडे आणि तो फोन उचलत नाही.

अशा वेळी ४ ते ६ तासांची पेड चाचपणी वेगळी विका. त्यात साइटची कॉपी लोकलवर, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर, उभी करायची, बॅकअप घ्यायचा, काय बदलायला लागेल याची दोन पानी लेखी यादी द्यायची. क्लायंट ती यादी घेऊन दुसऱ्याकडे गेला तरी चालेल, तुमचे पैसे झालेले असतात. आणि चाचपणीचे पैसे द्यायलाच जो तयार नाही त्याच्या कामात पुढे काय होणार याचा अंदाज मात्र तुम्हाला लगेच आलेला असतो.

ओळी सगळ्या आहेत तरी आकडे कमीच पडतात

मग प्रॉब्लेम खरंच आकड्याचा आहे आणि तो माणसाच्या स्वभावातला आहे. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच माणूस स्वतःच्या कामाचा वेळ कमी धरतो यावर लिहिलं. १९९४ चा एक अभ्यास मला या धंद्यासाठी सगळ्यात कामाचा वाटतो, ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांचा. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. मग विचारलं सगळंच्या सगळं बिघडलं तर, उत्तर सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. म्हणजे "सगळं बिघडलं तर" हा अंदाजसुद्धा कमीच पडला, आणि म्हणून डोळे मिटून "वाईटात वाईट किती" असा विचार करणं पुरेसं नाही, तो आकडा तुमच्या जुन्या नोंदीतून आला पाहिजे. मागच्या वेळी असंच काम जास्तीत जास्त किती तासांत झालं होतं, तोच तुमचा वाईट आकडा.

मग प्रत्येक तुकड्याला तीन आकडे लिहा, नीट झालं तर, नेहमीसारखं, आणि नोंदीतला वाईट. अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी १९५८ च्या सुमारास पर्ट नावाची पद्धत निघाली, तिचं सूत्र साधं आहे, नेहमीच्या आकड्याला ४ ने गुणा, त्यात बाकीचे दोन मिळवा, ६ ने भागा. समजा एक्सेलमधून प्रॉडक्ट इम्पोर्ट, ३, ६ आणि २०, तर ३ अधिक २४ अधिक २० म्हणजे ४७, भागिले ६, जवळजवळ ८ तास. पण सूत्रापेक्षा मी बघतो ते ३ आणि २० मधलं अंतर. एवढं अंतर असेल तर त्या कामाबद्दल काहीतरी माहीत नाहीये, आणि बहुतेक ती एक्सेल फाइल अजून कोणी बघितलेली नाही. फाइल मागवा, अंतर लगेच कमी होतं.

एआय टूल आल्यापासून "आता निम्मे तास पुरतील" असं क्लायंट म्हणतात आणि डेव्हलपरही. मीटर नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांवर प्रयोग केला, २४६ कामं, काही एआय वापरून आणि काही न वापरता. त्यांना आधी वाटत होतं २४ टक्के वेळ वाचेल, प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला, आणि काम झाल्यावरही त्यांना वाटत होतं आपला २० टक्के वेळ वाचला. ते लोक स्वतःच्या ओळखीच्या मोठ्या कोडवर काम करत होते, तुमच्या छोट्या साइटला आकडे वेगळे येतील आणि मीही ही टूल रोज वापरतो, पण आपल्याला किती वेळ वाचल्यासारखं वाटतंय यावर कोटेशन काढू नका, घड्याळ लावून काढा. क्लॉकिफाय किंवा टॉगल, वेळ नोंदवणारं कुठलंही टूल चालेल, नाहीतर वही.

तास बरोबर, तारीख चुकली

४० तास म्हणजे एक आठवडा नाही. एकट्या फ्रीलान्सरला दिवसाला खरे कामाचे ४-५ तास मिळाले तर चांगला दिवस, बाकी फोन, बिलं, जुन्या क्लायंटची किरकोळ कामं, नवीन कामाची बोलणी. त्यात क्लायंटकडून येणाऱ्या गोष्टी. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून येतात म्हणजे बारीक होऊन येतात, परत मागवावे लागतात, आयफोनवरचे वेगळ्याच फॉरमॅटमध्ये. गणपतीत कोकणातला क्लायंट उत्तर देणार नाही हे गृहीतच धरा, दिवाळीतही तेच. म्हणून तारीख देताना "मजकूर आणि फोटो मिळाल्यापासून इतके कामाचे दिवस" असंच लिहा, कॅलेंडरवरची तारीख नको.

क्लायंट घासाघीस करतो तेव्हा

"साहेब ६० तास फार होतात, ४० मध्ये बसवा ना." इथे बरेच जण ४० म्हणतात आणि सगळी मेहनत इथे वाया जाते, कारण बोलण्याने काम कमी होत नाही. दर कमी करायचा असेल तर करा, तो तुमचा निर्णय, ओळखीचा माणूस आहे, पुढे काम मिळेल, काहीही कारण असो. पण तासांचा आकडा हलवायचा नाही. उत्तर असं द्या: "दादा, ४० तासांत पण होईल, मग ओटीपी लॉगिन आणि एक्सेल इम्पोर्ट पुढच्या टप्प्यात घेऊ, पहिल्या सीझनला ऑर्डर फोन नंबरवर घ्या." यादी समोर असली की क्लायंट स्वतःच सांगतो काय नको ते, आणि बरेचदा जे नको म्हणतो ते त्याला कधीच नको होतं.

काय धरलं नाही तेही त्याच कागदावर लिहा. टायपिंग नाही, फोटो काढणं नाही, डिझाइनमध्ये बदलाच्या दोन फेऱ्या आणि त्यापुढे तासाप्रमाणे, ईमेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून डोमेनवर करायचा एसपीएफ-डीकेआयएमचा (ईमेल खरंच आपल्याकडून गेलाय हे दाखवणाऱ्या नोंदींचा) सेटअप धरलाय की नाही, लाइव्ह झाल्यावर ३० दिवस ठरलेल्या यादीतलं काही बिघडलं तर फुकट दुरुस्ती आणि नवीन मागणीला वेगळे तास.

मधेच कळलं की जास्त लागणार

साधारण एक तृतीयांश काम झालं की थांबून तपासा. १५ तासांच्या तुकड्यांना २२ लागले असतील तर उरलेलं काम आपोआप वेगाने होणार नाही, ते पण त्याच प्रमाणात जाईल. त्याच दिवशी कळवा, शेवटच्या आठवड्यात नाही. मेसेज साधा असू दे: "नमस्कार साहेब, आतापर्यंतच्या कामाला ठरल्यापेक्षा ७ तास जास्त लागले, कारण इम्पोर्टच्या फाइलमध्ये तीन वेगवेगळे फॉरमॅट निघाले. पुढे दोन पर्याय आहेत, रिपोर्टचं पान नंतर घेऊन ठरलेल्या तारखेला लाइव्ह जाऊ, किंवा रिपोर्टसकट १२ तास वाढतील. उद्यापर्यंत सांगाल का?" या ७ तासांतले जे तुमच्या अंदाजाच्या चुकीने गेले ते स्वतः सोसा, जे फाइलमुळे गेले त्याचं बिल लावा, आणि कुठले कुठे हे सांगता येण्यासाठी शीटमध्ये प्रत्येक नोंदीपुढे कारणाचा एक कॉलम ठेवा, "मी", "क्लायंट" किंवा "मंजुरी", एवढे तीन पुरतात.